घरी काय काय करून पाहिलंत?

गणपती उठले की आमच्या दवाखान्यात शिंकांचा मोसम सुरू होतो. पाऊस ओसरत आलेला असतो. रस्त्याच्या कडेला, पडीक रानात, शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत गाजरगवत कमरेएवढे वाढून पांढऱ्या फुलांनी भरलेले असते आणि सकाळी दहाच्या आत बाकावर चार-सहा जण रुमाल नाकाला लावून बसलेले दिसतात. उठल्याबरोबर ओळीने दहा-पंधरा शिंका, नाकातून पाण्यासारखी धार, नाक-टाळू-डोळ्यांना खाज आणि मग दिवसभर नाक चोंदलेले. ताप नाही, अंग मोडून येणे नाही. आठ-दहा दिवसांत बरे होते ते पडसे. हे मात्र दोन-दोन महिने चालते आणि पुढच्या वर्षी त्याच सुमारास परत येते. काहींना तर ते बारा महिने असते. हीच नाकाची ॲलर्जी.

अशा रोग्याला मी पूर्वी ‘किती दिवस झाले?’ एवढेच विचारीत असे. आता त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारतो, ‘घरी काय काय करून पाहिलंत?’ हा प्रश्न मला कॉलेजात कोणी शिकवला नाही. तो कसा शिकलो ते पुढे सांगणारच आहे. प्रश्न ऐकल्यावर रोगी आधी सोबत आलेल्या बायकोकडे किंवा आईकडे बघतो. डॉक्टर रागावणार अशी त्याची खात्री असते. आपण रागावत नाही असे दिसले की पिशवी उलटी केल्यासारखे सगळे बाहेर येते. तव्यावर भाजलेल्या ओव्याची पुरचुंडी, कपाळाला सुंठ-वेखंडाचा लेप, रात्री हळदीचे दूध, गवती चहा-तुळस-आल्याचा काढा, निलगिरीच्या तेलाची वाफ, नाकात कोमट तुपाचे दोन थेंब, जलनेती, शेगडीवर ओवा आणि लसणीची साले टाकून धुरी. जुन्या माणसांची तपकीर. आणि शेवटी, आवाज खाली आणून, कुठल्याशा गावाहून आणलेली पुडी.

हे सगळे उपाय एका दोरीत ओवलेले असतात, हे मला फार उशिरा कळले. रोग्याच्या मनात या आजाराचे एक चित्र असते. ‘सर्दी मुरली आहे’, ‘डोक्यात कफ साठलाय’ असे तो म्हणतो. साठलेले ते बाहेर पडले पाहिजे. म्हणून ज्या उपायाने नाक वाहते तो चांगला आणि ज्याने नाक सुकते तो वाईट. ‘इंग्रजी गोळीनं सर्दी दाबली जाते, मग ती डोक्यात चढते’ असे म्हणून गोळी दोन दिवसांत सोडून देणारी शिकलेली माणसेही मी पाहिली आहेत. आम्ही समजतो, रोगी बेफिकीर आहे. तो बेफिकीर नसतो, त्याच्या हिशेबाने तो बरोबरच वागत असतो.

पण हा हिशेब पायातच चुकलेला आहे. ॲलर्जीत नाकातून येणारे पाणी डोक्यात कुठे साठलेले नसते. ते त्या क्षणी, नाकाच्या अस्तरातच तयार होते. आपल्या शरीराचा एक पहारेकरी असतो. जंतू आला की त्याने आरडाओरडा करायचा. ॲलर्जी असलेल्या माणसाचा पहारेकरी परागकण, गादीतली धूळ, झुरळांची घाण अशा निरुपद्रवी पाहुण्यालाही चोर समजतो. त्याने या पाहुण्याविरुद्ध आय-जी-ई नावाची प्रथिने आधीच तयार करून नाकातल्या मास्ट पेशींवर बसवून ठेवलेली असतात. पाहुणा पुन्हा आला की या पेशी फुटतात आणि हिस्टामिन हे रसायन बाहेर पडते. हिस्टामिनमुळे खाज, शिंका आणि पाणी. त्यामागून येणाऱ्या सुजेमुळे नाक चोंदणे. म्हणून गोळीने नाक थांबले तर काही दाबले जात नाही, डोक्यात चढत नाही. नळ बंद झाला, इतकेच.

‘नाकाचं हाड वाढलंय’ ही दुसरी समजूत. आरशात बघितले तर आत गुलाबी-निळसर गोळा दिसतो खरा. तो बहुतेक वेळा अस्तराची सूज असते, औषधाने ओसरणारी. काहींचा नाकाचा पडदा वाकडा असतो, ती गोष्ट वेगळी आणि ती नाक-कान-घसा तज्ज्ञाने तपासून ठरवावी.

या आजारात घरगुती प्रयोग करण्याची खोड फक्त आपल्याकडचीच आहे असे समजू नका. हा आजार पहिल्यांदा नीट लिहून काढणारा माणूस स्वतः डॉक्टर होता आणि स्वतःच रोगी होता. लंडनच्या जॉन बॉस्टॉक यांनी १८१९ साली आपलेच लक्षण वर्णन करून डॉक्टरांच्या सभेपुढे ठेवले. लहानपणापासून दर उन्हाळ्यात त्यांचे नाक-डोळे वाहत. त्यांनीही त्या काळच्या पद्धतीप्रमाणे रक्त काढून पाहिले, थंड पाण्याची स्नाने केली, अफूही घेतली. गुण आला नाही. परागकणांचा यात हात आहे, हे मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी स्वतःच्या नाकावर प्रयोग करून १८७३ मध्ये दाखवले. आपल्याकडे हाच प्रयोग गाजरगवत दरवर्षी फुकट करते. हे गवत भारतात पहिल्यांदा १९५५ च्या सुमारास पुण्यात नोंदले गेले. ते अमेरिकेच्या गव्हाबरोबर आले असे मानतात. आज ते नाही असा बांध दाखवा.

आता बटव्यातल्या एकेका वस्तूकडे वळू. ओव्याची पुरचुंडी, निलगिरी, कापूर, बाम, यांचा वास घेतला की नाक ‘सुटले’ असे वाटते. वाटते म्हणतो, कारण पुदिन्याच्या अर्कासारखे पदार्थ नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या नसांना चेतवतात आणि हवा जास्त आत येते असा भास होतो. मोजून पाहिले तर वाट तेवढीच अरुंद असते. पण रात्री झोप लागत नसेल तर मोठ्या माणसाने उशाशी पुरचुंडी ठेवायला माझी हरकत नाही. भासानेही झोप लागते. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला मात्र कापूर किंवा कापराचा बाम नाकाशी, छातीशी लावू नये. पोटात गेलेल्या कापराने मुलांना झटके येतात.

हळदीचे दूध, गवती चहा खुशाल घ्यावा. काढ्याचे मात्र भान ठेवा. २०२० मध्ये कोरोनाच्या धास्तीने लोक दिवसातून चार-चार वेळा मिरी-सुंठेचा काढा प्याले आणि जळजळ घेऊन माझ्याकडे आले. काढ्यात रोज बरेच ज्येष्ठमध जात असेल तर रक्तदाब वाढतो आणि रक्तातले पोटॅशियम उतरते, हे रक्तदाबाच्या रोग्यांनी ध्यानात ठेवावे. वाफेने बरे वाटते, आजार हटत नाही. त्याच साथीच्या दिवसांत वाफेचे पातेले कलंडून भाजलेल्या मांड्या मी बांधल्या आहेत. लहान मुलाला चादरीखाली उकळत्या पातेल्यापुढे बसवणे मला मान्य नाही. तपकीर म्हणजे तंबाखू. त्याबद्दल अधिक बोलायला नको. नाकात तुपाचा किंवा तेलाचा थेंब सोडणे मोठ्यांच्या कोरड्या, खपली धरणाऱ्या नाकाला सुखाचे वाटते. वैद्यांच्या नस्याची परंपरा जुनी आहे, अणुतैल चरकसंहितेत सांगितलेले आहे. पण तान्ह्या बाळाच्या नाकात तेल-तूप कधीही घालू नये. ते फुप्फुसात उतरले तर न्यूमोनिया होतो आणि तो लवकर हटत नाही.

जलनेतीबद्दल मला माझे शब्द परत घ्यावे लागले. आमच्या गावच्या एक निवृत्त शिक्षिका वर्षानुवर्षे नेती करतात. त्यांना मी एकदा हसत म्हणालो होतो, ‘बाई, नाक काय गटार आहे धुवायला?’ त्या म्हणाल्या, ‘डॉक्टर, दळण आणल्यावर तुम्ही अंगावरचं पीठ झटकता ना? मग नाकातलं का नको?’ उत्तर बिनतोड होते. अस्तराला चिकटलेले परागकण आणि धूळ धुऊन काढणे, इतका साधा तर्क त्यात आहे. २०१८ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी यावरच्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा मिठाच्या पाण्याने नाक धुणाऱ्यांच्या तक्रारी कमी होऊ शकतात असे त्यांना आढळले. पुरावा फार भक्कम नाही, असेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले. बटव्यातल्या उपायांपैकी हा एक मी आता स्वतः सुचवतो.

पण तो नीट करावा. अर्धा लिटर पाण्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ. कमी पडले तरी नाक झोंबते, जास्त झाले तरी झोंबते. पाणी उकळून, झाकून, कोमट होईपर्यंत निववलेले असावे. नळाचे, विहिरीचे, बोअरचे कच्चे पाणी नाकात घालू नये. हे मी उगाच भीती घालायला सांगत नाही. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नेती करणारी दोन माणसे पाण्यातल्या अमीबाने मेंदूला सूज येऊन दगावली. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये अमीबामुळे होणाऱ्या अशाच मेंदूज्वराचे रोगी सापडले. आजार अत्यंत विरळा, पण बहुतेक वेळा प्राणघातक. पाणी प्यायले तर हा अमीबा त्रास देत नाही, नाकातून वर गेला तर देतो. नेतीचे भांडे रोज धुऊन कोरडे करावे. नेतीनंतर पुढे वाकून पाणी गळू द्यावे, नाक जोराने शिंकरू नये, नाहीतर कानात दडा बसतो. नाक पूर्ण बंद असेल, कान दुखत असेल, नाकातून रक्त येत असेल, तर नेती करू नये. बाईंनीच मला पुढे सांगितले की, भाद्रपद-आश्विनात नुसत्या नेतीने त्यांचे भागत नाही. तेव्हा त्या आधी नेती करतात आणि पाव तासाने मी दिलेला फवारा मारतात. ही जोडी उत्तम.

आता ज्या प्रसंगाने मला प्रश्न विचारायला शिकवले, तो सांगतो. काही वर्षांपूर्वी शेजारच्या वाडीवरच्या एक आजी नऊ वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या. शिंका, नाक गळणे, नाकावर हाताने घासून घासून पडलेली आडवी रेघ. पाहताक्षणीच ॲलर्जी. आजी कौतुकाने म्हणाल्या, ‘रोज सांजच्याला ओव्याची धुरी देते बघा.’ दवाखाना भरलेला होता. मी सगळ्यांसमोर म्हणालो, ‘आजी, धुरानं मारता का काय पोराला?’ बाकावरचे हसले. मी गोळ्या लिहून दिल्या, आजींनी चिठ्ठी पदराला बांधली आणि गेल्या. परत आल्या नाहीत. मला वाटले, बरे वाटले असेल.

कार्तिकात एका रात्री दोनच्या सुमारास दार वाजले. मुलाच्या बापाने त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून आणले होते. मागे आजी. मुलाचे ओठ काळसर पडलेले, फासळ्या आत ओढल्या जात होत्या, दोन शब्द बोलायलाही दम पुरत नव्हता. दम्याचा जोराचा झटका होता. ऑक्सिजन लावला, मशीनने औषधाची वाफ दिली, इंजेक्शन दिले आणि जीपमध्ये घालून जिल्ह्याच्या गावी नेले. त्या जीपमध्ये मीही होतो. पाऊण तासाचा तो रस्ता मला आजही खड्ड्यांसकट पाठ आहे. मुलगा वाचला. तीन दिवसांनी घरी आला.

नंतर आजी मला म्हणाल्या, ‘लेकरू दोन महिनं रातीचं खोकत हुतं. तुमी धुराचंच बोलला. खोकल्याचं कुनी इचारलंच न्हाई. मग परत यायचं त्वांड न्हाई ऱ्हायलं.’ यावर मला बोलायला काही नव्हते. पहिल्याच दिवशी मी रात्रीचा खोकला विचारायला हवा होता, छाती ऐकायला हवी होती. नाक आणि फुप्फुस ही एकाच वाटेची दोन टोके. ज्यांना नाकाची ॲलर्जी असते त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना दमाही असतो किंवा पुढे होतो. मी नाकाशीच थांबलो आणि वर आजींचा पाणउतारा केला.

मग मी त्यांना शांतपणे विचारले, ‘धुरी का देत होता?’ त्या म्हणाल्या, ‘धुरी दिली की नाकातनं पानी सुटतंय, मोकळं हुतंय.’ म्हणजे पुन्हा तीच दोरी. धुराने अस्तर चिडते म्हणून पाणी सुटते आणि ते सुटले की आजींना वाटते उपाय लागू पडला. त्यांना ‘धूर वाईट’ एवढेच सांगून उपयोग नव्हता. पाणी का सुटते ते सांगायला हवे होते. ते सांगितल्यावर शेगडी त्यांनी स्वतःच बाहेर ठेवली. उदबत्ती, डासांची कॉइल, चुलीचा धूर, घरातली विडी, हे सगळे याच हिशेबात धरावे.

पुडीची गोष्ट याहून कठीण, कारण पुडी गुण देते. एक दुकानदार गृहस्थ तीन वर्षे रोज सकाळी चिमूटभर पूड मधातून घेत होते. शिंका पूर्ण बंद. तोंडाने कौतुक करीत होते, आणि मी बघत होतो ते त्यांचा वाटोळा झालेला चेहरा, दंडावर सहज उठणारे काळे-निळे डाग. साखर वाढलेली. सकाळच्या रक्तातले कॉर्टिसॉल अगदी तळाला गेलेले. बाहेरून स्टिरॉइड पोटात जात राहिले की शरीर स्वतःचे स्टिरॉइड बनवणे सोडून देते, तसे हे चित्र होते. ज्या पुडीवर घटक, बनवणाऱ्याचे नाव, परवाना क्रमांक यातले काहीच नाही ती घेऊ नये. आयुर्वेदाला यात दोष देऊ नका. नोंदणीकृत वैद्य चिठ्ठी लिहून देतात, कागदाच्या घडीत बांधून देऊन नाव लपवत नाहीत. आणि कोणी अशी पुडी बरेच महिने घेत असेल, तर हा लेख वाचून ती उद्या सकाळी फेकून देऊ नका. एकदम बंद केल्याने रक्तदाब कोसळून माणूस जिवावर बेतू शकतो. पुडी घेऊन डॉक्टरकडे जा. हळूहळू कमी करावी लागते.

गंमत अशी की, पुडी बिनधास्त घेणारे रोगी नाकाच्या फवाऱ्याला घाबरतात. ‘त्याची सवय लागते.’ ही भीती पूर्ण खोटी नाही, चुकीच्या बाटलीला चिकटली आहे. नाक झटकन उघडणारे थेंब मिळतात, झायलोमेटॅझोलीन, ऑक्सिमेटॅझोलीन या नावांचे. ते तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त घातले की उतार पडताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदते, मग पुन्हा थेंब, पुन्हा चोंदणे. आठ महिने ते घालणारा एक तरुण माझ्याकडे आला होता. चौकशी केली तर पहिली चिठ्ठी माझीच. थेंब कधी बंद करायचे ते मी लिहिलेच नव्हते. आता चिठ्ठीवर ‘फक्त पाच दिवस’ असे लिहून खाली रेघ मारतो.

स्टिरॉइडचा फवारा ही वेगळी वस्तू. त्याची अशी सवय लागत नाही. एका फवाऱ्यात औषध किती? नेहमीच्या एका फवाऱ्यात ५० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा विसावा भाग, आणि तेही बहुतांशी नाकातच काम करते. पण तो थेंबांसारखा पाच मिनिटांत नाक उघडत नाही. रोज मारला तर दोन-तीन दिवसांत फरक कळू लागतो, पुरता गुण यायला आठ-पंधरा दिवस लागतात. लोक दोन दिवस मारून ‘पाणीच आहे त्यात’ म्हणून फळीवर ठेवतात. मारताना मान किंचित खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजवीत, नळीचे तोंड मधल्या पडद्याकडे न करता डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या दिशेने. जोराने ओढू नये, घशात जातो. पडद्यावर मारत राहिले तर रक्त येते. शिंका-खाजेसाठी गोळी द्यायची तर झोप कमी आणणारी घ्यावी. क्लोरफेनिरामिनसारखी जुनी गोळी घेऊन कडबा कुट्टीवर किंवा ट्रॅक्टरवर बसू नये.

एवढे करूनही घरातली गादी तशीच राहिली तर अर्धे काम बाकी. धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे गाद्या-उशांत, गोधड्यांत राहतात. चादरी-अभ्रे आठवड्याला चांगल्या कढत पाण्यात धुवावेत, गाद्या कडक उन्हात टाकाव्यात, त्या झटकण्याचे काम ॲलर्जी नसलेल्याने करावे. केर काढताना आधी फरशी ओली करावी. गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी, पावसाने जमीन ओली असताना मुळासकट उपटावे, तेही हातमोजे घालून, कारण त्याने कातडीवरही पुरळ उठते. फुले आल्यावर उपटायला जाणे म्हणजे परागकण अंगावर घेणे.

रात्रीचा किंवा पळाल्यावर येणारा खोकला, छातीत शिट्टीसारखा आवाज, छाती आवळणे. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव किंवा वारंवार रक्त. डोळ्याभोवती सूज, चेहऱ्याचे दुखणे आणि ताप. यातले काही असेल तर बटवा बाजूला ठेवून त्याच दिवशी दाखवावे. आणि दाखवताना घरी काय केले ते सगळे सांगावे. डॉक्टर रागावले तरी सांगावे.

आजींचा नातू आता कॉलेजात जातो, इन्हेलर दप्तरात असतो. परवा आजी स्वतःच्या गुडघ्यांसाठी आल्या होत्या. जाता जाता म्हणाल्या, ‘डाक्टर, त्या पंपाची सवं लागत न्हाई म्हंता, पर मग पोरगं रोज का वडतंय?’ प्रश्न रास्त आहे, आणि तो अनेकांच्या मनात असतो. त्याचे उत्तर पुढच्या आठवड्यात.